भंगारातला डिस्प्ले रेशीम शेडच्या दारावर: जालना जिल्ह्यातलं एक प्रकरण

जालना जिल्ह्यातलं एक गाव. दोन एकर तुती आणि २० बाय ५० फुटांचं रेशमाचं शेड. शेडचे मालक मामा, आणि जालना शहरात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा त्यांचा भाचा. मी पॉलिटेक्निकला मायक्रोकंट्रोलर शिकवतो. हा भाचा माझा जुना विद्यार्थी, म्हणून या प्रकरणात मी सल्ल्यापुरता होतो. काम सगळं त्याचं.

दुकानातल्या मेलेल्या फोनचे डिस्प्ले काढून आर्डुइनोला (आपला प्रोग्राम चालवणाऱ्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डला) जोडायचा नाद पुष्कळांना असतो. बहुतेकांचं गाडं 'पेटला!' असा व्हिडिओ काढण्यापाशी थांबतं. इथे डिस्प्लेला खरी नोकरी करायची होती. त्यामुळे कोणता डिस्प्ले कामाचा आणि कोणता नुसता चमकणारा, हे नीट बघायला मिळालं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मागणी काय होती

रेशीम अळीचे लाड कोणाला सांगायला नकोत. लहान अवस्थेत तिला २६ ते २८ अंश तापमान आणि ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते. मोठी होईल तसं दोन्ही कमी करत न्यायचं. पाचव्या अवस्थेत २४-२५ अंश आणि ७० टक्क्यांच्या आसपास. आता मराठवाड्यात मार्च-एप्रिलमध्ये बाहेर पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा शेडमध्ये २५ ठेवायचं म्हणजे खिडक्यांना ओली गोणपाटं, फॉगर, कूलर असा सगळा संसार मांडावा लागतो. त्यात अळी कात टाकायला बसली की उलटं. तेव्हा रॅकवर चुन्याची धुरळणी करून हवा कोरडी राखायची. म्हणजे आकडा दिवसातून एकदा बघून भागत नाही.

मामांकडे तापमान-आर्द्रतेचं तयार घड्याळ होतं, तीनशे रुपयांवालं. अडचण अशी की ते आत होतं. शेडमध्ये जायचं म्हणजे चप्पल बाहेर, पाय जंतुनाशकात, हात धुतलेले. आणि रोगराईचा विचार केला तर विनाकारण आत जायचंच नाही. मामांनी भाच्याला सरळ विचारलं, "काहून रे, तुह्या दुकानात एवढे डबडे पडलेत, एखादं दारावर लाव ना. बाहेरूनच दिसलं पाहिजे."

त्यात आणखी एक गोष्ट होती. रॅकचा वरचा मजला आणि खालचा मजला यांत दोन-तीन अंशांचा फरक पडतो आणि पत्र्याखालची पश्चिमेची बाजू दुपारी वेगळीच तापते. एका घड्याळाला ते कळत नाही. म्हणून चार ठिकाणचं तापमान, एका ठिकाणची आर्द्रता आणि रात्रीतलं सगळ्यात कमी तापमान, एवढं दाराबाहेर दिसावं असं ठरलं. आकडे मराठी असावेत हीही अट होती.

तापमानाचा प्रश्न सोपा होता. डीएस१८बी२० नावाचा सेन्सर पाण्यात चालणाऱ्या स्टीलच्या नळीत मिळतो. प्रत्येकाला स्वतःचा ६४ बिटांचा पत्ता असतो, त्यामुळे चारही एकाच वायरवर लटकवता येतात. डिस्प्लेचा प्रश्न मात्र तसा नव्हता.

फोल्डरचा मोह

दुकानात मेलेल्या डिस्प्लेंचा सगळ्यात मोठा ढीग स्मार्टफोनच्या फोल्डरचा. दुरुस्तीवाले टच आणि डिस्प्ले मिळून जो एकसंध भाग असतो त्याला फोल्डर म्हणतात. यातले कित्येक आतून ठणठणीत असतात, नुसती वरची काच फुटलेली असते. सहा इंचांचा झगझगीत रंगीत डिस्प्ले फुकटात पडलाय म्हटल्यावर पहिला हात तिकडेच जाणार. भाच्याचाही गेला.

त्याला मी एक हिशेब करायला लावला. ७२० बाय १२८० चा साधा डिस्प्ले घे. एकूण ठिपके ९,२१,६००. प्रत्येकाला २४ बिट रंग, सेकंदाला ६० चित्रं. गुणाकार केला की सेकंदाला १३२ कोटींहून अधिक बिट होतात. हा ओघ फोनमध्ये मिपी डीएसआय नावाच्या पद्धतीने जातो. तारांच्या जोड्या असतात आणि एका जोडीतल्या दोन तारांमधला फरक जेमतेम २०० मिलिव्होल्टचा असतो. १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या आर्डुइनो ऊनोच्या तोंडी हा घास मावतच नाही. तिच्याकडे स्मरणच २ किलोबाइट.

मिपी बोलणाऱ्या चिप नाहीत असं नाही. रास्पबेरी पायला डीएसआयचं कनेक्टर असतं, ईएसपी३२ घराण्यातल्या पी४ चिपमध्ये दोन जोड्यांचं डीएसआय आहे, एसटीएम३२ घराण्यातल्या काही चिपमध्येही आहे. पण तार जुळली तरी डिस्प्ले उठत नाही. त्याला जागं करताना कारखान्याने ठरवलेल्या कमांडची लांबलचक माळ पाठवावी लागते, गॅमापासून (म्हणजे उजेडाच्या छटांच्या जुळणीपासून) अंतर्गत व्होल्टेजपर्यंत. ती माळ फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये दडलेली असते आणि पॅनेलगणिक बदलते. वर अधिक ५ आणि उणे ५ व्होल्टचे दोन पुरवठे, बॅकलाइटसाठी मालिकेतल्या एलईडींना १५-२० व्होल्ट. अॅमोलेड असेल तर बॅकलाइट नसतो, पण तिथेही उणे व्होल्टेज लागतंच. आणि कनेक्टरच्या पिनांमधलं अंतर ०.४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी. हे सगळं करणारी माणसं आहेत, महिनोन्‌महिने खपतात आणि त्यात त्यांना आनंद आहे. मामांची बॅच मात्र २५-२८ दिवसांत उरकते.

फोल्डरचा ढीग बाजूला गेला. अगदीच वाया गेला असं नाही. फुटक्या एलसीडीमागचा बॅकलाइटचा पांढरा पडदा फार एकसारखा उजेड देतो. भाच्याने एक काढून दुकानातल्या टेबलावर बसवलाय, बोर्ड उजेडावर धरून तुटलेली रेघ शोधायला. फोनच्या एलसीडीत एलईडी असतात, जुन्या लॅपटॉपसारखी पाऱ्याची नळी नसते, त्यामुळे तो उघडायला तशी भीती नाही. फुगलेल्या बॅटऱ्यांची मात्र आहे. त्या त्याने आधीच वेगळ्या डब्यात काढून ठेवल्या होत्या.

कीपॅड फोनचा रंगीत डिस्प्ले

दुसरा ढीग स्वस्त कीपॅड फोनचा. १.७७ किंवा १.८ इंचाचा, १२८ बाय १६० ठिपक्यांचा किंवा २.४ इंचाचा, २४० बाय ३२० चा. छंदाच्या दृष्टीने खरा माल हाच आहे. याच्या काचेवरची चिप बहुतेक वेळा एसटी७७३५, एसटी७७८९, आयएलआय९३४१ किंवा त्यांच्या भाऊबंदांपैकी असते. बाजारात जे नवे मॉड्यूल मिळतात त्यांच्यावरही याच चिप असतात. म्हणजे लायब्ररी (चिपशी बोलणारा आयता कोड) तयार, उदाहरणं तयार. फक्त डिस्प्लेतून निघणाऱ्या लवचीक पट्ट्याची कोणती पिन कुठे जोडायची ते शोधायचं.

इथे भाच्याची पद्धत मला आवडली आणि ती माझ्या वर्गातल्या पद्धतीपेक्षा सरस आहे. आम्ही मास्तर लोक आधी डेटाशीट शोधतो. तो आधी फोन चालू करतो.

फोन पूर्ण मेलेला नसेल तर डिस्प्ले काढायचाच नाही. बोर्डवर असतानाच मल्टिमीटर बीपवर ठेवून कोणत्या पिना ग्राउंडला जातात ते टिपायचं. मग फोन चालू करून कुठे २.८ व्होल्ट दिसतात, कुठे १.८, ते लिहायचं. बॅकलाइटच्या पिना डायोड मोडवर सापडतात, मंद उजेड पडतो. रिसेटची पिन फोन चालू होताना क्षणभर खाली जाऊन वर येते. उरलेल्या पिनांपैकी फोन नुसता पडून असताना गप्प आणि बटण दाबलं की वळवळणाऱ्या त्या डेटाच्या. आठ-आठ वळवळल्या तर समांतर जोडणी, दोन-तीनच असतील तर एसपीआय, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारी जोडणी. दुरुस्तीवाल्यांकडे कितीतरी फोनचे स्किमॅटिकही (सर्किटचे नकाशे) असतात, त्यामुळे अर्ध्या वेळा हा शोधही घ्यावा लागत नाही. छंद म्हणून हे करणाऱ्याने एखाद्या दुरुस्तीवाल्याशी दोस्ती करावी, ती कुठल्याही यंत्रापेक्षा उपयोगी पडेल.

पट्ट्यावर छापलेल्या नंबरावर मात्र फार विसंबू नये. तो नंबर पट्ट्याचा किंवा पॅनेलचा असतो, चिपचा नसतो. एकाच फोनच्या दोन डिस्प्लेंत दोन वेगळ्या चिप निघाल्याचं भाच्याने दाखवलं. फोनचं सॉफ्टवेअर सुरू होताना चिपला तिची ओळख विचारतं आणि तिच्याप्रमाणे कमांड पाठवतं. आपणही विचारू शकतो. आयएलआय९३४१ ला डी३ या कमांडवर विचारलं तर उत्तरात ९३ आणि ४१ येतात. एसटी७७८९व्ही चार क्रमांकाच्या कमांडवर ८५, ८५, ५२ असं उत्तर देते. हे आणि पुढचे कमांडचे आकडे सोळाच्या पायावरचे (हेक्साडेसिमल). उत्तर यायला डेटा बाहेर येणारी वायर पट्ट्यात असावी लागते किंवा एकाच वायरीवर दोन्ही दिशांनी बोलावं लागतं. काही पट्ट्यांत ती सोयच नसते. मग जवळपासच्या चिपचा प्रोग्राम टाकून बघायचा, दुसरा इलाज नाही.

एक सोय मोठी आहे. या सगळ्या घराण्यात मूळ कमांड सारख्याच. ११ म्हणजे झोपेतून उठ, त्यानंतर १२० मिलिसेकंद थांबायचं. २९ म्हणजे पडदा चालू. २ए आणि २बी ने खिडकी आखायची, २सी ने रंग भरायचे. एवढ्यावर निदान काहीतरी उमटतं. रंग उलटे दिसले तर २१ पाठवून पाहायचं, लाल-निळा अदलाबदल झाला असेल तर ३६ मध्ये एक बिट बदलायचा. चित्र दोन ठिपके सरकलेलं, कडेला कचरा, अशी तक्रार एसटी७७३५ वर नेहमीची, कारण चिपचं स्मरण १३२ बाय १६२ चं आणि काच १२८ बाय १६० ची.

जोडणीचं म्हणाल तर १.७७ इंची डिस्प्लेचा पट्टा बहुधा बोर्डला थेट कथिलाने चिकटवलेला असतो, पिनांमधलं अंतर ०.८ मिलिमीटरच्या आसपास. हाताने जंपर मारता येईल एवढं. पट्टा उचलताना गरम हवा मारायची नाही, तो आक्रसतो आणि काचेकडचा जोड सुटतो. भरपूर फ्लक्स, सपाट टोकाची सोल्डरिंग आणि एकाच फटक्यात अलगद वर. मोबाईलवाल्याचा हात त्याला बसलेला असतो. माझ्या विद्यार्थ्यांचे निम्मे पॅड इथेच उचकटतात.

व्होल्टेजबद्दल एकच सांगतो. हे डिस्प्ले ३.३ व्होल्टपर्यंतचे. ५ व्होल्टच्या ऊनोच्या पिना थेट लावल्या तर काही तास चालतातही, आणि मग का मेला म्हणून माणूस डोकं खाजवत बसतो. भाच्याने सुरुवातीपासून ३.३ व्होल्टवर ८ मेगाहर्ट्झने चालणारा आर्डुइनो प्रो मिनी घेतला आणि हा विषय मिटवला.

२४० बाय ३२० चा एक डिस्प्ले त्याने शेडसाठी तयार केला. चार चौकोन, चार रंग, तापमान चढलं की लाल. दुकानात देखणा दिसत होता. गिऱ्हाईकं विचारायला लागली. पूर्ण पडदा एकदा रंगवायला १,५३,६०० बाइट पाठवावे लागतात, त्याला त्या छोट्या बोर्डवर डोळ्यांना दिसेल इतका वेळ लागायचा, पण नुसते बदललेले आकडेच पुसून लिहिले की ते खपून गेलं.

बोर्ड आणि डिस्प्ले एका डबीत बसवून दारावर लावल्यावर दुपारी बारा वाजता मामांनी डबीपुढे हाताचा आडोसा केला, मान वाकडी केली आणि म्हणाले, "दिसना काही. रात्री छान दिसंन पण."

कारण सरळ आहे. रंगीत टीएफटी (या डिस्प्लेची जात) मागच्या उजेडावर चालते. रंगाच्या गाळण्या आणि ध्रुवक मिळून मागच्या उजेडातला अगदी थोडा भाग बाहेर सोडतात. घरात तो पुरतो. एप्रिलच्या उन्हात समोरच्या काचेवरून परावर्तित होणारा उजेडच त्याहून जास्त. बॅकलाइट वाढवायचा तर करंट वाढतो, डबी तापते आणि शेडवर लाईट गेल्यावर बॅटरी लवकर बसते. डबी सावलीत सरकवून पाहिली, टोपी लावली. थोडा फरक पडला, पण जाता-येता दोन सेकंदांत वाचता येईल असा आकडा काही मिळेना.

नोकिया ११००

तिसरा ढीग म्हणजे ढीगही नव्हता, एका डब्यात राहिलेले जुने नोकिया. ११०० हा फोन २००३ साली आला. टॉर्चवाला, धूळ न जाणारा कीपॅड, आणि जगभरात २५ कोटींहून अधिक विकला गेलेला. आपल्याकडे शेतात, ट्रॅक्टरवर, मोंढ्यात सगळीकडे तो असायचा. त्याचे सुटे डिस्प्लेही तेव्हा दुरुस्तीवाल्यांनी डझनाने भरून ठेवले होते. ते पडूनच होते, कोणी विचारत नव्हतं.

त्यावर ९६ बाय ६५ ठिपके, फक्त काळा आणि पांढरा. पण तो समोरून पडलेला उजेडच परत फेकून दाखवतो, म्हणून ऊन जितकं कडक तितका स्पष्ट. बॅकलाइट बंद ठेवला तर डिस्प्लेला लागणारा करंट मिलिअँपिअरच्याही खाली राहतो. सगळं चित्र साठवायला ८६४ बाइट, म्हणजे २ किलोबाइटच्या स्मरणात आरामात मावतं.

त्याची चिप पीसीएफ८८१४. छंदाच्या जगात याचा थोरला भाऊ जास्त प्रसिद्ध आहे: ५११० आणि ३३१० या फोनचा ८४ बाय ४८ चा डिस्प्ले, चिप पीसीडी८५४४. त्याची मॉड्यूल आजही नवी विकत मिळतात. दोघांत एक महत्त्वाचा फरक आहे. ५११० ला आठ-आठ बिटांचे घास पाठवतात आणि हा घास कमांड आहे की चित्र, हे एका वेगळ्या वायरने सांगतात. ११०० ला ती वायर नाही. तिथे प्रत्येक घास नऊ बिटांचा. पहिला बिट शून्य असेल तर कमांड, एक असेल तर चित्र. आर्डुइनोच्या तयार एसपीआय यंत्रणेला आठच बिट पाठवता येतात, म्हणून ऊनोवाले इथे अडखळतात. भाच्याने पहिला बिट हाताने, म्हणजे पिन वर-खाली करून पाठवला आणि उरलेले आठ त्याच पद्धतीने मागोमाग. वेग कमी पडतो. दोन सेकंदांनी बदलणाऱ्या आकड्याला वेग हवाय कशाला?

जागं करायच्या कमांड मोजक्या. २एफ ने आतला व्होल्टेज पंप चालू, ए४ ने नेहमीचं चित्र, एएफ ने पडदा चालू. ए५ पाठवलं तर सगळे ठिपके काळे होतात, आणि भंगारातला डिस्प्ले तपासायला हीच सगळ्यात चांगली कमांड. कुठली रेघ मेलीये ते एका नजरेत कळतं. पडूनच असलेल्या डिस्प्लेंपैकी काहींवर चित्र उलटं आलं, आरशातल्यासारखं. ते कॉपी माल होते. मूळ चिप चित्र फिरवायची कमांड ऐकते, कॉपीवाली ऐकत नाही. तिथे प्रोग्राममध्येच फिरवून पाठवलं.

मराठी आकड्यांत थोडी गंमत झाली. छोट्या अक्षरात १ आणि ९ हाताच्या अंतरावरूनही सारखेच वाटतात. १९ की ९१ हा प्रश्न तापमानात पडणार नाही, पण ७१ आणि ७९ टक्के आर्द्रता यांत पाचव्या अवस्थेत बराच फरक आहे. शेवटी आर्द्रतेसाठी १६ बाय २४ ठिपक्यांचे आकडे त्याने चौकटीच्या वहीवर पेन्सिलीने काढले. एका आकड्याला ४८ बाइट, दहाला ४८०. १ चा देठ सरळ आणि लांब, ९ ची गाठ फुगीर. चारही तापमानं खाली बारीक अक्षरात, कारण ती एकमेकांशी ताडून बघायची असतात, एकेक नीट वाचायची नसतात.

शेडवर आल्यावर

दुकानात दोन आठवडे बिनतक्रार चाललेली डबी शेडवर लावली आणि तिसऱ्या दुपारी पडदा एकसारखा काळपट झाला. आकडे त्यात बुडाले. संध्याकाळी आपोआप परत आले. भाच्याला वाटलं डिस्प्ले जुना, गेला.

तो गेलेला नव्हता. द्रवस्फटिक वळायला जो व्होल्टेज लागतो तो तापमान वाढलं की कमी होतो. २५ अंशांना बेतलेला काँट्रास्टचा व्होल्टेज ५० अंशांना जास्त ठरतो आणि न पेटवलेले ठिपकेही काळे व्हायला लागतात. हिवाळ्याच्या पहाटे याच्या उलट, सगळं फिकं. डबी बंद, पश्चिमेचं ऊन, मागे पत्रा. आत ५० सहज होत असणार. इलाज डिस्प्लेच्या चिपमध्येच असतो: काँट्रास्टचा व्होल्टेज कमी-जास्त करायची कमांड. डबीत दहा किलोओहमचा एक थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा भाग) टाकला, आणि तो सांगेल त्याप्रमाणे प्रोग्राम काँट्रास्ट पायरीपायरीने उतरवतो. पीसीडी८५४४ वापरणाऱ्यांसाठी सांगतो, त्यात तापमानाप्रमाणे व्होल्टेज बदलायच्या चार पायऱ्या चिपमध्येच दिलेल्या आहेत, फक्त बहुतेक लायब्ऱ्या त्यांना हात लावत नाहीत. डबीही उत्तरेच्या भिंतीवर नेली. हे आधी करायला हवं होतं, पण दार पश्चिमेला होतं आणि दाराबाहेरच हवं हा मामांचा हट्ट होता.

दुसरी तक्रार विचित्र होती. ऊन थेट पडलं की आकडे थरथरायचे. काचेच्या कडेला जी लांबट, बारीक चिप दिसते ती उघडी सिलिकॉनची असते, तिला प्लास्टिकचं आवरण नसतं. सिलिकॉनवर उजेड पडला की त्यात करंट तयार होतो, सोलर पॅनेलचं तत्त्व तेच. फोनमध्ये त्यावर काळी पट्टी किंवा धातूची चौकट असते. डिस्प्ले काढताना ती फेकली गेली होती. काळी चिकटपट्टी लावली, थरथर थांबली. भंगारातला डिस्प्ले काढणाऱ्या प्रत्येकाने त्याच्या मागचं-पुढचं काळं कागद-कपटं जपून ठेवावं, ते शोभेचं नसतं.

तिसरी तक्रार यायला एक बॅच जावी लागली. बॅच संपली की शेड ब्लिचिंग पावडर आणि चुन्याच्या पाण्याने निर्जंतुक करतात. त्या क्लोरीनने डिस्प्लेच्या दाबून बसणाऱ्या पिना हिरवट झाल्या आणि चित्र तुटक यायला लागलं. पिना घासून त्यावर थेट बारीक वायरी कथिलाने जोडल्या, जोडांवर पारदर्शक नेलपॉलिशचा हात दिला. आर्द्रतेच्या सेन्सरचं दुखणं मोठं निघालं. तो पॉलिमरच्या पातळ थरावर चालतो आणि रसायनांची वाफ त्या थरात शिरली की आकडा सरकतो. आमचा धुलाईनंतर सरकलाच.

यावर मामांनीच तोडगा काढला. कोरड्या आणि ओल्या काडीच्या तापमानातल्या फरकावरून कोष्टकात आर्द्रता बघायचा कोरडा-ओला थर्मामीटर त्यांना रेशीम प्रशिक्षणापासून माहीत होता. "ते दोन काड्यांवालं कधी बिघडत नाही," ते म्हणाले. डीएस१८बी२० तर हाताशी होतेच. एकावर सुती कापडाची वात गुंडाळून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं, दुसरा शेजारी कोरडा. कोरडा २६ आणि ओला २२ असेल तर आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास. कोष्टक प्रोग्राममध्ये बसवलं. मात्र या सेन्सरची चूक प्रत्येकी अर्ध्या अंशापर्यंत असू शकते आणि दोघांची चूक विरुद्ध दिशेने असली तर आर्द्रतेत सहा-सात टक्क्यांचा घोटाळा होतो. म्हणून दोन्ही आधी एकाच पाण्याच्या भांड्यात बुडवून त्यांच्यातला फरक टिपला आणि तो वजा केला. आता धुलाई असली की बाटली उचलायची, धुलाई झाली की नवी वात लावायची.

पैसा आणि पुढचं

डिस्प्ले फुकट होता असं म्हणता येईल, पण भाच्याचे तास धरले तर तो सगळ्यात महाग भाग ठरतो. ५११० चं नवं मॉड्यूल दोन-तीनशे रुपयांत मिळतं आणि त्याची लायब्ररी पाच मिनिटांत चालते. एकच डबी करायची असेल आणि शिकायचं काही नसेल तर सरळ ते घ्यावं, असं माझं मत आहे. जुना डिस्प्ले काढण्यात अर्थ तेव्हा, जेव्हा एकसारखे दहा-बारा हाताशी असतात आणि पहिल्याची पिनजुळणी एकदा कागदावर उतरली की पुढच्यांना तोच कागद चालतो. भाच्याच्या डब्यात ११०० चे तेवढे होते. रंगीत कीपॅड डिस्प्ले ढिगाने होते, पण एकासारखा दुसरा शोधावा लागायचा.

२०१८ मध्ये जालन्यात रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी इथले शेतकरी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जायचे. कोष विकायला जालन्यात आलेल्या ओळखीच्यांनी मामांकडे डबीबद्दल विचारलं, आणि भाच्याकडे मागणी आली. त्याने ठरवलंय की भंगाराच्या डिस्प्लेची डबी विकायची नाही. घरच्या आणि दुकानातल्या मुलांच्या प्रयोगासाठी ठेवायची. विकत दिलेली डबी दोन वर्षांनी बिघडली तर तसाच डिस्प्ले परत कुठून आणणार, आणि तो कॉपी निघाला तर उलटं चित्र कोण सुधारणार? विकायच्या डब्यांत नवं ५११० मॉड्यूल बसवलंय. पेटी, थर्मिस्टर, काळी पट्टी आणि ओली वात तीच. प्रोग्राममध्ये आकड्यांची उंची कमी करावी लागली, कारण त्याला ४८ ओळीच आहेत, आणि १ व ९ चं भांडण तिथे पुन्हा सुरू झालंय.